कुठले पाटील?

दोन पाटील भेटले की ‘कुठले पाटील?’ हा प्रश्न हमखास निघतो. आडनाव एक असले तरी घराणे एक असेलच असे नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. जाधव, मोरे, शिंदे ही कुळांची नावे. पाटील हे मुळात हुद्द्याचे नाव. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ या गावप्रमुखाचा उल्लेख येतो, म्हणजे या पदाची मुळे सुमारे हजार वर्षे मागे जातात. पुढे राजवटी बदलल्या, पण सारा वसूल करणे, तंटे मिटवणे आणि गाव वसते ठेवणे ही कामे पाटलाकडेच राहिली. त्याबदल्यात वतनी जमीन आणि मानपान वंशपरंपरेने चालत आले. आज या आडनावाचा जो पसारा दिसतो, तो कोणा एका घराण्याच्या वाढीमुळे झालेला नाही. गावागणिक असलेल्या या पदामुळे तो झाला आहे.

विखे पाटील, मोहिते पाटील, वळसे पाटील या जोडनावांतच त्याचा पुरावा आहे: आधी कूळ, मग पद. पुष्कळ घरांत कुळाचे नाव गळून पडले. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे मूळ आडनाव पिसाळ होते. काहींनी ओळख पटावी म्हणून गाव जोडले. शिवराज पाटील चाकूरकर, शिवाजीराव पाटील निलंगेकर ही नावे तशीच. जातही एक नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जैन, चाकूरकर लिंगायत, दि. बा. पाटील आगरी, तर माजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील राजपूत घराण्यातल्या. गावात ज्या समाजाचा जम, त्याच्याकडे बहुधा पाटीलकी, असा हा हिशेब होता. म्हणूनच हे आडनाव भाषेची सीमाही ओलांडते; कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील कलबुर्गी भागातले होते. उलट दक्षिण कोकणात साऱ्याची वसुली खोताकडे होती, तर तिथे ‘खोत’ हे आडनाव रुजले.

यावर कोणी म्हणेल, पाटील गावात एकच असायचा, मग अर्धे गाव पाटील कसे? याचे उत्तर वतनाच्या स्वरूपात आहे. कारभार वडीलघराकडे असला तरी वतन सगळ्या भाऊबंदांचे होते; त्याच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडत, काही वेळा त्या विकल्याही जात आणि नवे घराणे पाटील होई. त्यात महाराष्ट्रात 40 हजारांहून अधिक गावे. दुसरा आक्षेप असा, की देशमुख आणि कुलकर्णी हीसुद्धा वतनेच होती. खरे आहे, पण देशमुख परगण्याचा, म्हणजे अनेक गावांचा वतनदार. कुलकर्ण्याकडेही अनेकदा एकाहून अधिक गावांचे दप्तर असे. पाटील मात्र गावोगाव लागायचाच. पदांची संख्या आणि आडनावाचा प्रसार यांची सांगड इथे स्वच्छ दिसते. काही घरांनी केवळ प्रतिष्ठेसाठी हे आडनाव लावले असेल. पण ती प्रतिष्ठाही पदाचीच होती. इंग्रजी अमलात शाळेच्या आणि महसुलाच्या दप्तरांत आडनाव नोंदवले जाऊ लागले, तेव्हा ज्या नावाने घर ओळखले जाई तेच कायम झाले.

1962च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली. पोलीस पाटील उरला, पण त्याची नेमणूक सरकार करते आणि त्याचे आडनाव काहीही असू शकते. पद गेले, आडनाव राहिले. त्यामुळे केवळ ‘पाटील’ या आडनावावरून नाते, जात किंवा मूळ प्रदेश ठरवणे चुकीचे ठरते. सोयरीक जुळवताना जुनी माणसे आडनावावर न थांबता कूळ, देवक आणि मूळ गाव विचारतात. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यानेही तेच करावे. पाटील या आडनावातून पूर्वजांचे काम कळते, कूळ कळत नाही.