विश्लेषण : किशोरवयीनांना खुणावणारा ‘विक्का’ नेमका आहे तरी काय?

मेणबत्ती, वाळवलेली पाने-फुले, मुखपृष्ठावर तारा काढलेली वही आणि खिडकीतून दिसणारा पौर्णिमेचा चंद्र... समाजमाध्यमांवर ‘विचटॉक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रफितींमध्ये हे दृश्य हमखास दिसते. त्या करणाऱ्या आणि आवडीने पाहणाऱ्यांमध्ये किशोरवयीन व तरुण मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यातील अनेक जणी स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवतात. या शब्दाचे मराठी भाषांतर ‘चेटकीण’ असे होते आणि तो घरातल्या मुलीच्या तोंडून ऐकला, की पालकांच्या पोटात गोळा येतो. हा पंथ कुठून आला, मुले त्यात काय करतात आणि काळजी नेमकी कशाची करायला हवी, याविषयी...

विक्का म्हणजे काय?

विक्का हा निसर्गपूजा मानणारा आधुनिक धर्मपंथ आहे. त्याला एकच धर्मग्रंथ नाही, एकच धर्मगुरू नाही आणि केंद्रीय संस्थाही नाही. बहुतेक अनुयायी देवी आणि शिंगधारी देव अशा जोडीला मानतात. चंद्राच्या कला आणि ऋतुचक्र हा त्यांच्या उपासनेचा कणा. वर्षाला आठ सण असतात. ३१ ऑक्टोबरचा साविन, डिसेंबरमधील सर्वात मोठ्या रात्रीचा यूल, १ मेचा बेल्टेन आणि जूनमधील सर्वात मोठ्या दिवसाचा लिथा हे त्यातील काही. याशिवाय पौर्णिमेला उपासना होते. पौर्णिमा-अमावास्या दिनदर्शिकेत पाहणाऱ्या मराठी घराला यात फारसे नवल वाटू नये. इंग्लंड आणि वेल्समधील २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार जणांनी धर्म म्हणून ‘विक्का’, तर सुमारे ७४ हजार जणांनी ‘पेगन’ असे लिहिले होते.

तो खरोखर प्राचीन आहे का?

नाही. विक्काचे आजचे स्वरूप शंभर वर्षांपूर्वीचेही नाही. जेराल्ड गार्डनर हे ब्रिटिश गृहस्थ मलायामध्ये सीमाशुल्क अधिकारी होते. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त गटाने आपल्याला दीक्षा दिली, असा त्यांचा दावा होता. चेटूक करण्याची शक्ती असल्याचा दावा करणे हा इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने गुन्हा होता. तो कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आले. डोरीन व्हॅलिएंट यांनी या पंथाच्या विधींना आणि प्रार्थनांना साहित्यिक रूप दिले.

ख्रिस्तपूर्व काळातील धर्म गुप्तपणे टिकून राहिला, या मार्गारेट मरे यांच्या १९२१ मधील मांडणीचा गार्डनर यांना आधार होता. इतिहासकारांनी ती मांडणी पुढे नाकारली. युरोपातील चेटकीण खटल्यांत ‘९० लाख स्त्रियांना जाळले’ हा आकडाही अजून फिरतो. अभ्यासकांचा अंदाज ४० ते ६० हजार मृत्यूंचा आहे. मारले गेलेले लोक विक्का पंथाचे नव्हते. शेजाऱ्यांनी, धर्मगुरूंनी किंवा न्यायालयांनी आरोप ठेवलेली ती सामान्य माणसे होती. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये ज्या १९ जणांना फाशी झाली, त्यांचीही गोष्ट तीच.

मग ही सैतानाची पूजा आहे का?

हेही नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मातील कल्पना असून विक्काच्या दैवतांत तिला स्थान नाही. वर्तुळातला पंचकोनी तारा त्यांच्यासाठी पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आत्मतत्त्व यांची खूण आहे. कुणाला इजा होणार नाही एवढी मर्यादा पाळून आपल्या इच्छेने जगावे, ही त्यांची मुख्य नीती. केलेले बरे-वाईट तिपटीने परत येते, असेही अनेक जण मानतात. त्यामुळे दुसऱ्याचे वाईट चिंतणारे विधी बहुतेकांना मान्य नसतात.

‘स्पेल’ म्हणजे मेणबत्ती लावून, काही शब्द उच्चारून एखाद्या इच्छेवर मन एकाग्र करणे. अशा विधीने बाहेरच्या जगात काही बदलते, याला वैज्ञानिक पुरावा नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतील एका केंद्रीय अपील न्यायालयाने विक्काला राज्यघटनेचे संरक्षण मिळू शकणारा धर्म मानले. २००७ पासून तेथील दिवंगत सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिळांवर पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरण्याची मुभा आहे.

किशोरवयीन मुले त्याकडे कशी वळली?

सुरुवातीच्या काळात प्रवेश गटातूनच मिळे. अशा छोट्या गटाला ‘कोव्हन’ म्हणतात. १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅम यांचे एकट्याने उपासना करणाऱ्यांसाठीचे पुस्तक आले आणि गटाची गरज संपली. ‘द क्राफ्ट’ हा चित्रपट १९९६ चा, ‘चार्म्ड’ ही मालिका १९९८ ची. त्याच वर्षी सिल्व्हर रेव्हनवुल्फ यांचे थेट किशोरवयीनांसाठीचे ‘टीन विच’ बाजारात आले. पुढे इंटरनेटने उरलेले काम केले.

समाजशास्त्रज्ञ हेलन बर्गर आणि डग्लस एझी यांनी अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील अशा तरुणांच्या मुलाखतींवर २००७ मध्ये पुस्तक लिहिले. या तरुणांना कुणी जाळ्यात ओढले नव्हते. बहुतेक जण पुस्तके, पडद्यावरच्या गोष्टी आणि इंटरनेट यांतून स्वतःच शोध घेत इथवर पोहोचले होते. स्त्रीरूपी देवतेला मान, निसर्गाशी नाते आणि स्वतःच्या आयुष्यावर आपला थोडा तरी ताबा असल्याची भावना ही त्यामागची कारणे. शाळा, शरीर, घर यांपैकी काहीच आपल्या हातात नाही असे वाटण्याच्या वयात हे आकर्षण समजण्यासारखे आहे.

भीतीची किंमत कुणी मोजली?

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस येथे मे १९९३ मध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली. त्या काळी अमेरिकेत सैतानपूजक टोळ्यांची अफवा जोरात होती. पोलिसांनी तीन किशोरवयीनांना अटक केली. त्यातील १८ वर्षांचा डेमियन एकल्स काळे कपडे घालायचा, हेवी मेटल संगीत ऐकायचा आणि त्याला विक्कामध्ये रस होता. न्यायालयात हेच त्याच्याविरुद्ध वापरले गेले. ठोस भौतिक पुरावा नसतानाही १९९४ मध्ये त्याला मृत्युदंड आणि इतर दोघांना जन्मठेप सुनावण्यात आली. पुढे झालेल्या तपासण्यांत घटनास्थळावरील डीएनए या तिघांशी जुळला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये, १८ वर्षांनंतर तिघे सुटले. तेही निर्दोष ठरून नव्हे, तर सरकारी पक्षाशी झालेल्या तडजोडीतून. मुलाच्या खोलीतील पुस्तके पाहून त्याच्याविषयी निष्कर्ष काढला की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आजही दिले जाते.

खरे धोके कोणते?

धोका विधीपेक्षा त्याच्या आजूबाजूला अधिक आहे. पहिला, अनोळखी प्रौढांचा. गार्डनर यांच्या परंपरेतील काही गट विधी विवस्त्र करतात आणि जबाबदार गट १८ वर्षांखालील मुलांना दीक्षा देत नाहीत. त्यामुळे एखादी प्रौढ व्यक्ती अल्पवयीन मुलाला ‘गुप्त दीक्षा’ देऊ करत असेल, पालकांपासून लपवायला सांगत असेल किंवा छायाचित्रे मागत असेल, तर तो पंथाचा प्रश्न उरत नाही. तो थेट मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

दुसरा, वनस्पतींचा. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असे नसते. जुन्या नुस्ख्यांत येणाऱ्या पेनिरॉयल या पुदिन्याच्या जातभाईचे तेल पोटात गेल्यास यकृत निकामी होऊ शकते. बंद खोलीत पडद्याजवळ लावलेली मेणबत्ती हा तर साधा आगीचा धोका. तिसरा, बाजाराचा. स्फटिक, टॅरो पत्ते, धूपाच्या जुड्या यांची मोठी विक्री या चित्रफितींवर चालते. दक्षिण कॅलिफोर्नियातील पांढऱ्या सेजची त्यापायी बेकायदा तोड होते आणि हे झुडूप पवित्र मानणारे तेथील मूलनिवासी त्याविरुद्ध बोलत आहेत. चौथा धोका सर्वात शांत. नैराश्य किंवा शाळेतील छळ यांवर स्पेल हाच उपाय मानून डॉक्टरांकडे, शिक्षकांकडे जाणे टळले, तर नुकसान मुलाचेच होते.

महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ वेगळा का?

आपल्याकडे ‘चेटकीण’ किंवा ‘डाकीण’ हे सहसा कुणी स्वतः घेतलेले नाव नसते. ते दुसऱ्याने लादलेले असते आणि बहुधा एखाद्या विधवेवर, एकट्या किंवा जमीन नावावर असलेल्या स्त्रीवर. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना घडल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्याने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. करणी, भानामती केल्याचा आळ घेऊन एखाद्याला त्रास देणे हा या कायद्याने गुन्हा असून सहा महिने ते सात वर्षे तुरुंगवास आणि पाच ते ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायद्याचा रोख छळ, फसवणूक आणि शोषणावर आहे. कुणी खोलीत मेणबत्ती लावून चंद्राकडे पाहण्यावर नाही.

पालकांनी काय करावे?

वही फाडणे किंवा फोन काढून घेणे सोपे. पण त्यानंतर मूल सांगायचे थांबते आणि मग वरचे धोके कळण्याचा मार्गच बंद होतो. त्यापेक्षा चार प्रश्न उपयोगी ठरतात. हे कुठे पाहिले? यात कुणी मोठी व्यक्ती बोलते का? काही विकत घेतले किंवा पोटात घेतले का? आणि यातून तुला काय हवे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा जादूविषयी नसते. परीक्षा, मैत्रीण, एकटेपणा असे काही तरी त्यातून बाहेर येते. त्याच वेळी मुलांनाही एक गोष्ट सांगायला हवी. जो शब्द त्यांनी हौसेने निवडला, त्याच शब्दापायी आपल्याच राज्यात एखाद्या बाईला घर सोडावे लागते. हे कळलेले मूल तो शब्द अधिक जपून वापरेल.