एक संगणक, अनेक प्रणाली

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याची वसाहत सेक्टरांत विभागलेली आहे. घरे निरनिराळ्या सेक्टरांत असली, तरी सेक्टर ९ मधील रुग्णालय सर्वांच्या उपयोगी पडते. संगणकाच्या हार्ड डिस्कची आखणीही अशीच करावी लागते.

घरात संगणक एकच असतो. हिशेबाचे काम विंडोजवर चालते आणि मुलांना लिनक्स शिकायचे असते. सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली विनामूल्य मिळते. अशा दोन-तीन प्रणाली एकाच डिस्कवर नांदू शकतात. मात्र प्रत्येकीला स्वतंत्र विभाग, म्हणजेच पार्टिशन, द्यावे लागते.

विभागांचा तक्ता

डिस्कवरील विभागांची नोंद एका तक्त्यात असते. एमबीआर या जुन्या पद्धतीत मुख्य विभाग चारच करता येतात आणि साधारणपणे २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. जीपीटी या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते. म्हणून नव्या संगणकासाठी जीपीटी निवडावी.

फाइल प्रणालीची निवड

विभागात फायली कशा मांडाव्यात, हे फाइल प्रणाली ठरवते. लिनक्ससाठी २००८ पासून स्थिर झालेली ईएक्सटी४ बहुतेकांना पुरेशी आहे. होणाऱ्या बदलांची ती आधी नोंद ठेवते. त्यामुळे अचानक वीज गेली, तरी फायलींची मांडणी सहसा सावरता येते. एक्सएफएस मोठ्या फायलींसाठी उत्तम आहे. पण तिचा विभाग वाढवता येतो, लहान करता येत नाही.

विंडोज आणि लिनक्स या दोघांनाही लागणारी कागदपत्रे एनटीएफएस विभागात ठेवावीत. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट पेनड्राइव्हला सोयीची आहे, परंतु ती बदलांची अशी नोंद ठेवत नाही.

५०० जीबीच्या डिस्कवर विंडोजला १५० जीबी, दोन लिनक्स प्रणालींना प्रत्येकी ६० जीबी, स्वॅपसाठी ८ जीबी आणि उरलेली जागा सामायिक कागदपत्रांना, अशी आखणी करता येईल. उद्या एखादी प्रणाली पुसून नव्याने बसवली, तरी कागदपत्रांचा विभाग तसाच राहतो.

साधने

जीपार्टेड हे साधन चित्ररूपाने विभाग दाखवते आणि आपण मान्यता देईपर्यंत कोणताही बदल करत नाही. एफडिस्कमध्ये 'डब्ल्यू' ही आज्ञा दिल्यावरच बदल लिहिले जातात. पार्टेड मात्र आज्ञा मिळताच बदल करते. म्हणून नवशिक्याने जीपार्टेडपासून सुरुवात करावी. वापरात असलेल्या विभागाचा आकार कमी करता येत नसल्यामुळे संगणक लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करावा. विंडोजचा विभाग विंडोजमधूनच लहान करावा आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद ठेवावे.

सर्वांत आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. गुणपत्रिका किंवा घराचे छायाचित्र एकदा पुसले गेले, तर ते परत मिळेलच असे नाही.

पाठावरील प्रश्न

१. सामायिक कागदपत्रांसाठी वेगळा विभाग का ठेवावा?
२. नवशिक्याला पार्टेडपेक्षा जीपार्टेड अधिक सुरक्षित का?