शाळकरी मुलांना कामाची ओळख

दहावीचा निकाल लागला म्हणजे खेड्यातील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: मुलाने पुढे काय करावे? पुष्कळदा याचे उत्तर गुणपत्रिका देते, नाही तर शेजारच्या मुलाने धरलेली वाट देते. दहा वर्षे शाळेत जाऊनही गवंड्याचे, वीजतंत्र्याचे किंवा माती तपासणाऱ्याचे काम प्रत्यक्षात कसे असते, याची मुलांना कल्पना नसते. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीतील कष्ट ठाऊक असतात. हिशेब मात्र ठाऊक नसतो. अशा स्थितीत वाट निवडणे म्हणजे जमीन न पाहता पीक ठरविण्यासारखे होय.

पाबळचा प्रयोग

या प्रश्नाचा विचार करून पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण भागातील गावी एक प्रयोग झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत आला. आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांनी हाताने काम करावे, अशी ही योजना आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य, असे तिचे चार विभाग आहेत. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने चारही विभागांत काम करावयाचे असते. गावाच्या उपयोगाची वस्तू करावी, साहित्य व मजुरी मांडून तिची किंमत काढावी, आणि शिकविण्यास गावातील जाणत्या कारागिरांचे साहाय्य घ्यावे, हे तिचे मर्म होय.

जबाबदारीचे काम द्यावे

नुसते पाहून काम कळत नाही. आपल्या कामावर दुसऱ्याचे काही अवलंबून आहे, हे जाणवले म्हणजे ते कळते. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणे हे असेच एक काम आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ओलावा टिकवावा, आणि सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. अशा तीन गुंडाळ्यांची सरासरी घ्यावी. ७० टक्के उगवणीस एकरी ३० किलो बियाणे लागत असेल, तर ६० टक्क्यांस ३५ किलो लागेल. हे गणित चुकले तर शेतकऱ्याची पेरणी विरळ होते. मोजणीची शिस्त, नोंदीचे महत्त्व आणि बियाणे तपासनिसाच्या कामाचे स्वरूप मुलांना यातून एकदमच उमगते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावे, असे सुचविले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांस भेटून गावातील कारागीर, दूध संकलन केंद्र, रोपवाटिका व प्रगतिशील शेतकरी यांची यादी द्यावी. काम करणाऱ्यास मुलांनी पुढील प्रश्न विचारावेत:

१. हे काम आपण कोठे व किती दिवसांत शिकलात?
२. भांडवल किती लागले?
३. वर्षातून किती महिने काम मिळते?
४. खर्च वजा जाता हाती काय उरते?
५. शरीरास त्रास कोणता होतो?

मात्र हे शिक्षण आहे, फुकटची मजुरी नव्हे. औषध फवारणी, चालू मळणीयंत्र व उघड्या विहिरी यांपासून मुलांना दूर ठेवावे.

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कृषी तंत्र विद्यालये आणि पुढे बारावीनंतर राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे अभ्यासक्रम असे अनेक मार्ग आहेत. चार कामे हाताखालून गेलेला विद्यार्थी त्यांतील आपला मार्ग समजून-उमजून निवडील. त्याने शेतीच पत्करली, तर ती नाइलाज म्हणून नव्हे, तर जाणून पत्करलेली असेल. पालकांनी यासाठी मुलाला वर्षातून हे थोडे दिवस मोकळे द्यावेत.