ऋणकोची कैद आणि आंतरराष्ट्रीय करार

उधारी हा व्यापाराचा प्राण आणि वसुली ही त्याची कसोटी. न्यायालयाचा हुकूमनामा हाती असूनही रक्कम पदरात पडत नाही, तेव्हा ऋणकोला तुरुंगाची वाट दाखवावी, असा विचार धनकोच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये तशी तरतूदही आहे. मात्र त्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली एका आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला होता, ही गोष्ट व्यापारी वर्गात फारशी परिचित नाही.

नागरी व राजकीय हक्कांविषयीचा हा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६६ मध्ये स्वीकारला. भारत त्यात १० एप्रिल १९७९ रोजी सहभागी झाला. त्याचे अकरावे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. केवळ कराराने आलेले दायित्व पुरे करण्याची ऐपत नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही कैदेत टाकता येणार नाही, असा त्याचा आशय. यातील ‘केवळ’ हा शब्द दृष्टीआड करून चालणार नाही.

प्रकरण केरळमधील होते. बँक ऑफ कोचीनचा अडीच लाखांचा हुकूमनामा होता. ऋणकोंची मालमत्ता जप्त होऊन तिच्यावर रिसीव्हरही नेमला गेला होता. तरीही त्यांच्या ऐपतीची चौकशी न करता अटकेचे वॉरंट निघाले. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही; प्रकरण दिल्लीस गेले व न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे आले.

पेच असा होता की, आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली म्हणजे तो देशाचा कायदा होतो काय? नेदरलँड्ससारख्या काही देशांत करारातील तरतुदी न्यायालयात थेट लागू होऊ शकतात. आपल्याकडे तसे नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि तसा कायदा होईपर्यंत नागरिकाला त्या कराराच्या आधारे थेट दाद मागता येत नाही. न्यायमूर्तींनी हे स्पष्टपणे मान्य केले. परंतु देशी कायद्याचे दोन अर्थ संभवत असतील, तर कराराशी सुसंगत असा अर्थ न्यायालयाने निवडावा, हा मार्ग मोकळा होता. अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीची जोड त्याला मिळाली.

त्यामुळे कलम ५१ रद्द झाले नाही. त्याची धार मात्र नेमकी झाली. पूर्वी कधी तरी ऋणकोजवळ पैसा होता, एवढ्यावर आता भागत नाही. आज ऐपत असून तो देत नाही, किंवा त्याने लबाडीने मालमत्ता दडविली अथवा दुसऱ्याच्या नावे केली, असा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. आजार, इतर देणी, घरातील निकड यांचाही विचार करावा लागतो. वॉरंटचा आदेश रद्द होऊन प्रकरण फेरचौकशीसाठी खाली पाठविण्यात आले. हा निर्णय धनकोच्या विरोधात गेला, असे मानणे घाईचे ठरेल. लबाड ऋणकोला त्यात कोठेही अभय नाही.

हीच पद्धत पुढे १९९७ च्या विशाखा खटल्यात अधिक विस्तारली. महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक पेढीला अंतर्गत समिती नेमावी लागते, ती त्या कायद्यामुळेच.

दरखास्त दाखल करणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र वकिलाकडे जाताना हुकूमनाम्याच्या नकलेबरोबर ऋणकोच्या सध्याच्या मिळकतीचे पुरावे न्यावेत : सातबारा, खरेदीखते, चालू धंद्याचे कागद. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हेही ध्यानी असावे. आणि ऋणको दिवाणी कैदेत गेलाच, तर तेथील त्याच्या निर्वाहाचा भत्ता दरखास्तदारालाच आगाऊ भरावा लागतो.