प्रतिकृतीचे डेक आणि डेकवरचा भार

घरी बसून आगबोट बांधतो, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. परंतु आम्हा भिवंडीकरांना हा उद्योग अगदीच परका वाटू नये. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी येथल्या खाडीच्या आश्रयाने गलबते बांधावयास प्रारंभ केला. त्या कामावर रुई लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज कारागीर व त्याची माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितविले व ती काम टाकून निघून गेली. तरी आरमार उभे राहिलेच. आज त्याच भिवंडीत सुताराच्या वाकसाऐवजी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि माझे गलबत बैठकीतल्या मेजावर बांधले जाते.

बोटीचा सांगाडा कसा घडवावा हा एक निराळाच विषय आहे. तो तयार आहे असे धरून, त्यावरचे डेक कसे सिद्ध करावे एवढेच आज आपण पाहू. मापे मी 'रामदास' बोटीची घेतली. ही बोट १९३६ साली इंग्लंडात, टाइन नदीच्या काठी, स्वॉन हंटर यांच्या कारखान्यात बांधली गेली. 'मॉरिटानिया' हे विख्यात महाकाय जहाजही याच कारखान्यातले. 'रामदास' त्यामानाने चिमुकली: लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट. डेकवरील मांडणी मात्र मी कोकण किनाऱ्यावरच्या सर्वसाधारण उतारू बोटीची धरली आहे.

दर फुटास १/८ इंच हे प्रमाण घेतले, म्हणजे प्रतिकृती मूळ बोटीच्या ९६ व्या हिश्श्याची होते. लांबी सव्वाबावीस इंचांहून थोडी जास्त, रुंदी साडेतीन इंचांहून थोडी जास्त. साडेपाच फूट उंचीचा उतारू पाऊण इंचाचाही भरत नाही. हा पाऊण इंची माणूस सतत डोळ्यांपुढे ठेवावा. दार केवढे, जिना किती उभा, बाकाची उंची किती, या सर्वांचा निवाडा तोच करतो.

आता प्रत्यक्ष डेक. ते सपाट फळीसारखे नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मध्यभागी ते किंचित उंच व दोन्ही कडांकडे उतरते असते, म्हणजे पाणी आपोआप कडेला जाते. रुंदीच्या दर फुटास पाव इंच हा जुना ठोकताळा. त्या हिशेबाने २९ फुटांस सव्वासात इंचांचा फुगवटा येतो. प्रतिकृतीत तो जेमतेम १/१३ इंच होतो. परंतु तेवढाही दिला नाही, तर डेक मेलेले दिसते.

तक्तपोशीसाठी सागाचा पातळ पापुद्रा घ्यावा व त्याच्या १/१६ इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. ही मूळच्या सहा इंची फळी झाली. खऱ्या डेकवर फळ्यांच्या सांधीत काथ्या ठासून वर डामर ओततात. यालाच कलाफत म्हणतात. प्रतिकृतीत प्रत्येक पट्टीच्या एका कडेस काळा कागद चिकटविला, की तीच काळी रेघ उमटते. सर्व पट्ट्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत. खरा सुतार तसे कधी करीत नाही.

कडेला आलेले पाणी बाहेर जावयास वाट हवी. याकरिता बाजूच्या भिंतीला तळाशी झडपा असतात. आकाराने क्षुल्लक वाटतात म्हणून प्रतिकृती करणारे त्या बहुधा गाळतात. परंतु हिशेब पाहा. हजार चौरस फूट डेकवर एक फूट पाणी साचले, तर त्याचे वजन सुमारे २९ टन होते. आणि हे वजन स्थिर नसते, बोट जिकडे झुकेल तिकडेच ते धाव घेते. लहानशी झडप बोटीला केवढ्या ओझ्यातून सोडविते, हे यावरून ध्यानात यावे.

कठड्यासाठी आमच्या गावात सामग्रीची वाण नाही. मागाच्या निकामी फणीतल्या पोलादी पात्यांचे उत्तम खांब होतात. आडव्या दांड्यांसाठी विजेच्या पंख्यातली बारीक तांब्याची तार पुरते. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा कराराप्रमाणे कठडा निदान एक मीटर उंच असावा, सर्वांत खालची फट २३० मिलिमीटरांहून व वरच्या फटी ३८० मिलिमीटरांहून मोठ्या नसाव्यात. प्रतिकृतीत हे आकडे अनुक्रमे साडेदहा, अडीच व चार मिलिमीटरांच्या आसपास येतात. खालची फट सर्वांत अरुंद का, हे ज्या घरात रांगते मूल आहे त्या घराला सांगावयास नको.

वरच्या उन्हाळी छतासाठी मलमल घेऊ नका. कितीही तलम असली तरी ९६ पट वाढविल्यावर तिचा धागा दोरखंडाएवढा ठरतो. पातळ कागद खळीत बुडवून ताणावा. तो कॅनव्हाससारखा दिसतो. छताखाली बाके, आणि बाकांच्या मधल्या जागेत ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या. डेकचे तिकीट काढणाऱ्याचे घर तेवढ्या रात्रीपुरते तेथेच असे. ती बोटवाहतूक आता उरली नाही. पण अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे व उतारूंना पडावात उतरावे लागे, हे वयस्कर मंडळींना आठवत असेल. म्हणून बाजूच्या कठड्यात उघडणारा दरवाजा व शिडी विसरू नये.

येथवर मी जे सांगितले, ते सारे मी माझ्या पहिल्या बोटीवर मोठ्या हौसेने केले होते. होड्या भरीव सागाच्या, धुराडे पितळेचे, नांगर ओढण्याचा रहाट शिशाचा. मेजावर बोट राजेशाही दिसे. एके दिवशी शेजारपाजारची मुले जमवून ती पाण्याच्या हौदात सोडली. क्षणभर ती उभी राहिली, आणि मग सावकाश, काही घाई नसल्यासारखी, कुशीवर वळली. मुले हसली. मलाही हसावे लागले. पण त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

चूक साधी होती. लांबी ९६ पट घटली, तर वजन ९६ पट घटून भागत नाही. ते ९६ चा घन, म्हणजे ८,८४,७३६ पट घटावे लागते. खऱ्या बोटीवरची एक टन वजनाची वस्तू प्रतिकृतीवर सव्वा ग्रॅमाहूनही हलकी असली पाहिजे. दीड टनाची होडी दोन ग्रॅमांच्या आत; माझी भरीव होडी सहा ग्रॅमांची होती. डेकवरच्या प्रत्येक वस्तूत असेच तिप्पट-चौपट ओझे मी हौसेने चढविले होते. गुरुत्वमध्य वर गेला आणि बोटीची सरळ होण्याची शक्ती नाहीशी झाली. तेव्हापासून होड्या मी साच्यावर कागदाचे थर देऊन पोकळ करतो. खोल्या पातळ पुठ्ठ्याच्या करतो, आणि शिसे ठेवावयाचे ते तळाशी ठेवतो.

खऱ्या जहाजांनीही हा धडा फार महागात शिकविला आहे. १९१२ साली 'टायटॅनिक'वर सुमारे २,२०० माणसे होती आणि २० होड्यांत जागा १,१७८ जणांची. पुढे होड्या वाढविण्याचे नियम झाले, ते योग्यच होते. परंतु शिकागोची 'ईस्टलंड' ही उतारू बोट मुळातच डोक्याने जड होती; तिच्यावर जादा होड्यांचे ओझे चढले. २४ जुलै १९१५ रोजी धक्क्याला बांधलेली असतानाच ती कलंडली व ८४४ माणसे मेली. म्हणजे डेकवर होडी नसणे घातक आणि बोटीचा तोल न पाहता ती ठेवणेही घातक. डेक सजविणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकदम मनात वागवाव्या लागतात.

आता एक प्रयोग सांगतो. तो अवश्य करून पाहावा. माणशी ६० किलो धरले, तर ७०० उतारूंचे वजन आपल्या प्रतिकृतीवर किती भरेल? अवघे चार तोळे. बोट हौदात तरंगत असता तेवढ्या वजनाची वाळू वरच्या डेकवर सारखी पसरा. बोट थोडी खाली बसेल, पण उभी राहील. आता तीच वाळू, एक कणही न वाढविता, बोटाने हळूहळू एका कडेकडे सरकवा. बोट कलते; कलली की कोरडी वाळू आपण होऊन त्याच बाजूस घसरते; त्यामुळे बोट अधिक कलते. काही वेळाने बोटाचे काम उरत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, 'रामदास' सकाळी मुंबईहून रेवसला निघाली. सणासाठी घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. काश्याच्या खडकाजवळ पावसाळी दर्याने तिला गाठले. कललेल्या बोटीवर भ्यालेल्या उतारूंची एकाच बाजूस धावाधाव झाली, असे तेव्हा सांगितले गेले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते; पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितले तेव्हा शहराला वार्ता कळली. स्वातंत्र्यदिन महिन्यापेक्षाही कमी अंतरावर होता आणि रेवस-अलिबागकडच्या कित्येक घरांत तो दिवस पाहणारे कोणी उरले नव्हते.

चार तोळे वाळूत ती सारी माणसे बसतात, हे कळल्यापासून मी ती वाळू फेकून देत नाही. एका लहान डबीत ती वेगळी ठेवली आहे. नवी बोट हौदात सोडताना प्रथम ती डबी उघडतो, वाळू डेकवर पसरतो, कडेला सरकवितो, आणि बोट आपण होऊन सावरते की नाही ते पाहतो. ज्या दिवशी ती सावरते, त्याच दिवशी डेक सिद्ध झाले असे मी समजतो. रंग आणि पितळेचे लखलखीत दिवे त्यानंतर चढतात.