चर्चमधली वाद्ये: ऐकीव आणि खरे

चर्च म्हटले की ऑर्गन आलाच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ऑर्गन ख्रिस्तापेक्षा जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला. रोमन काळात तो आखाड्यात, ग्लॅडिएटरांच्या झुंजींच्या वेळी वाजत असे. 757 मध्ये बायझंटाईन सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन पाठवला, तोसुद्धा राजाला राजाचा नजराणा म्हणून. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तो रुळला त्यानंतरच्या शतकांत.

वाद्यांशिवाय गाणारी मंडळी म्हणजे संगीताचे वैरी किंवा कुठला तरी नवा पंथ, असेही म्हटले जाते. खरे तर नुसत्या गळ्याने गाणे हीच जुनी रीत. चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोमने वाद्यांविरुद्ध लिहिले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसही नोंदवतो की चर्च देवाच्या स्तुतीसाठी वीणेसारखी वाद्ये वापरत नाही. रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत आजही वाद्य नसते. पण तिथल्या गायकवृंदातला खर्ज एकदा ऐकावा, मग त्यांना संगीताचे वावडे आहे असे कोणी म्हणणार नाही. आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली, त्याचे काय म्हणावे? स्वतः ल्यूटसह अनेक वाद्ये उत्तम वाजवणारा हा माणूस. त्याच्याच सुधारणेच्या लाटेत 1527 मध्ये झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन मोडून काढला गेला. त्याचे म्हणणे एवढेच होते की शास्त्राने जे सांगितले नाही ते उपासनेत नको.

म्हणजे बायबलात मनाई आहे का? तशी आज्ञा कुठेही नाही. उलट 150व्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, झांजा यांनी देवाची स्तुती करायला सांगितले आहे, आणि यरुशलेमच्या मंदिरात लेवी वाद्ये वाजवत. विरोधक म्हणतात, ती मंदिराची व्यवस्था होती. सन 70 मध्ये मंदिर पडले आणि ती संपली. नव्या करारातली पत्रे स्तोत्रे व गीते गायला सांगतात, वाद्यांबद्दल मात्र गप्प राहतात. सगळा वाद या गप्प राहण्याचा आहे. झ्विंग्लीने त्यातून मनाई वाचली, जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने मोकळीक. मला ल्यूथरचे पटते. तरीही जे वाद्य घेत नाहीत त्यांच्यामागे मोठी आणि प्रामाणिक परंपरा आहे, हे मान्य करायलाच हवे.

सर्वांत जास्त टोचतो तो तिसरा समज: ऑर्गन आणि पियानो पवित्र, तबला, ढोलकी मात्र ‘आपल्या उपासनेतली नव्हेत’. इथिओपियाचे चर्च चौथ्या शतकापासूनचे, आणि तिथे कबेरो नावाचा मोठा ढोल गळ्यात अडकवून पुरोहितवर्ग तालावर डोलत गातो. याउलट पियानोला रोमन कॅथलिक चर्चमध्ये पोप दहावे पायस यांनी 1903 मध्ये ढोल-झांजांच्या बरोबरीनेच बंदी केली होती! 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेला साजेशी असतील तर इतर वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने घेता येतील असे ठरवले.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळींनी तेवढी वाट पाहिली नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन ही आपली रूपे ख्रिस्तभक्तीत आणली, आणि त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून आजही पेटी-तबल्यावर गायली जातात. पेटीला आपण देशी मानतो, पण हार्मोनियमचा जन्म 1840च्या सुमारास पॅरिसचा. पायाने भाता मारायचे ते वाद्य भारतात आल्यावर मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याचे झाले, आणि मग भजनी मंडळ काय नि मंडळीची उपासना काय, दोन्हीकडे सारखेच रमले.

कोणते वाद्य, यापेक्षा ते किती वाजते हा प्रश्न आज मला जास्त निकडीचा वाटतो. रोमच्या 1967च्या सूचनेत साफ म्हटले आहे की वाद्यांनी गाणाऱ्यांना आधार द्यावा, पण शब्द कळेनासे होतील इतका आवाज करू नये. ड्रमसेट आणि मोठे स्पीकर लावणाऱ्या प्रत्येक मंडळीने ही सूचना वाचावी, मग ती कोणत्याही पंथाची असो.