सरळ बांधा आणि कापडाची कळी

कवितेवर बोलणारी बाई आज कपड्यांवर बोलणार, याचं काहींना नवल वाटेल. पण माझं बालपण शिलाई मशीनच्या आवाजात गेलं. अम्मी मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवायची; काजं-बटणं माझ्याकडे असायची.

मध्यंतरी माझी भाची लग्नघरासाठी कुर्ता शिवायला एका शिंप्याकडे गेली. मापं घेताना तो चारचौघांत म्हणाला, "हिला फिटिंग काय द्यायची? वरपासून खालपर्यंत एकच माप!" पोरगी घरी आली ती 'मी लग्नाला येतच नाही' म्हणून बसली.

सरळ बांधा म्हणजे छाती, कंबर आणि सीट या तीन मापांत फारसा फरक नसणं. तो हडकुळाच असतो असं नाही. भरल्या अंगाच्या बाईचाही असतो. मापं त्या शिंप्यानं बरोबरच घेतली. पण कंबर दिसते ती तिच्या वर-खाली काय आहे त्यावरून, आणि ते ठरवणं हे शिंप्याचंच काम!

कळीदार कुर्ता पाहा. वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा उभ्या पट्ट्या, म्हणजे कळ्या, एकमेकींना जोडतात. कमरेला कापड अंगालगत राहतं, खाली घेर सुटतो. कमरेचं माप तेच, पण घेरामुळे ती बारीक भासते. अंगरख्यात पुढची एक बाजू दुसरीवर तिरकी येऊन बंदानं बांधली जाते. ती तिरकी रेघ नजरेला सरळ खाली घसरू देत नाही. उरेब कापडाचीही अशीच गंमत आहे. उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत तिरकं कापलं की साधं सुती कापडही ताणतं, लवतं आणि त्याचा घेर लाटेसारखा पडतो. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत याच कापावर नाव मिळवलं. आपल्याकडे उरेब बहुधा गळ्याच्या पट्टीपुरतंच आठवतं. कापड मात्र जास्त जातं, हे आधीच सांगून ठेवते.

साडीचं सोपं आहे. नऊवारीवरचा कंबरपट्टा दागिना खराच, पण तो कंबर दाखवून देतो. सहावारीखाली अंगाला चिकटणाऱ्या परकराऐवजी कळ्यांचा सुती परकर घालावा. खळ दिलेली सुती साडी फुलून राहते, शिफॉन चोपून बसते. अंग बारीक असेल तर कमरेभोवती कापड कमी लागतं, निऱ्यांना जास्त उरतं. त्या बारीक, भरपूर घालाव्यात.

आणि वळण दाखवायचंच नसेल तर? १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सरळ झग्यांचीच चलती होती. पट्टा कमरेवरून खाली उतरला होता. तेव्हा वळणदार बायकाच अंग चापून बसवत होत्या. एकरंगी, टक्स न घातलेला, बाजूंना लांब कट असलेला सरळ कुर्ता या बांध्यावर शोभतो तसा दुसऱ्या कुणावर शोभत नाही, असं माझं मत आहे.

भाचीचा अंगरखा शेवटी अम्मीनंच बेतला. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण कात्री हलत नाही. शिवण मी घातली. बंद बांधून पोरगी आरशापुढे दोनदा वळली आणि म्हणाली, "खाला, याला खिसा लावता येईल का?"